तेव्हाच का नाही सांगितलं?

लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल कुणी मोठेपणी तोंड उघडलं, की ऐकणाऱ्याकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो. मग तेव्हाच का नाही सांगितलं? विचारणारा दुष्ट असतो असं नाही. कधी तो हादरलेला असतो. कधी ती सांगणाऱ्याची आईच असते, आणि मला कळलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, एवढंच तिला म्हणायचं असतं. पण सांगणाऱ्याला तो प्रश्न आरोपासारखा लागतो. इतकी वर्षं ओठांवर येऊन परत गेलेलं एकदाचं बाहेर पडतं आणि लगेच त्याच्याकडे उशिराचा जाब मागितला जातो.

माझ्या अगदी जवळच्या दोन माणसांनी, वेगवेगळ्या काळात, मला आपलं बालपण सांगितलं. ते त्यांचं आहे, मी ते इथे मांडणार नाही. पण त्यानंतर या विषयावर जे हाती लागेल ते वाचत गेले आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. मूल गप्प का राहतं आणि मोठेपणी त्याला कशाकशाचा त्रास होतो, या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे. मूल ज्या माणसांच्या आधारानं जगतं, त्यांच्यापासून ते तुटू शकत नाही. त्यांच्याशी जोडलेलं राहण्यासाठी ते स्वतःला वाकवतं, आणि ते वाकणं पुढे अंगात मुरतं.

ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका रॉयल कमिशननं शाळा, अनाथालयं, चर्च, क्रीडासंस्था अशा ठिकाणी मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आठ हजारांहून जास्त लोक कमिशनपुढे खासगीत बोलले. पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी २३.९ वर्षं लागली होती, पुरुषांना स्त्रियांपेक्षाही जास्त. म्हणजे उशीर हाच इथे नेहमीचा प्रकार आहे. तरीही उशिरा बोललेल्याकडे आपण संशयानं पाहतो.

आणि मुलांनी 'सांगितलं नाही' हे तरी कितपत खरं? शब्दांच्या आधी शरीर सांगत असतं, आणि ते मोठ्यांनी किती काळ ऐकलं नाही याचा लांबलचक इतिहास आहे. आंब्रुआझ तार्द्यू या फ्रेंच न्यायवैद्यक तज्ज्ञानं १८६० मध्ये छळलेल्या मुलांच्या जखमांचं बारकाईनं वर्णन छापलं. त्याच्या व्यवसायबंधूंनी फारसं मनावर घेतलं नाही. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञानं सहा तान्ह्या मुलांविषयी लिहिलं. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं, आणि सहा जणांच्या मिळून हातापायांच्या हाडांना २३ फ्रॅक्चर. ती कशानं झाली याचा पत्ता घरच्यांच्या सांगण्यातून लागत नव्हता. शेवटी १९६२ मध्ये हेन्री केम्प या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांकडून घरी मार खाल्लेल्या मुलांची माहिती गोळा केली. ३०२ मुलं. त्यातली ३३ दगावलेली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झालेली. आईबाप आपल्याच मुलाला असं मारू शकतात यावर विश्वास ठेवणं डॉक्टरांना फार जड जातं, असं त्याच लेखात लिहिलेलं आहे. एक्स-रेवर एक हाड जुनं जुळलेलं, दुसरं जुळत आलेलं, तिसरं नुकतं मोडलेलं दिसत असतानासुद्धा.

मोडलेल्या हाडावर विश्वास बसायला शंभर वर्षं लागली, मग मुलाच्या शब्दावर कोण कधी विश्वास ठेवणार होतं? एप्रिल १८९६ मध्ये फ्रॉइडनं व्हिएन्नातल्या डॉक्टरांसमोर सांगितलं, की त्याच्या हिस्टेरियाच्या रुग्णांच्या आजारामागे बालपणीचं लैंगिक शोषण आहे. सभेचे अध्यक्ष क्राफ्ट-एबिंग यांना ते शास्त्रीय परीकथेसारखं वाटलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, आपला या सिद्धांतावरचा विश्वास उडाल्याचं फ्रॉइडनं फ्लीस या मित्राला पत्रानं कळवलं. त्यानंतर त्याचा भर मुलांच्या मनातल्या कल्पनांवर गेला. त्याचाच जवळचा सहकारी शान्दोर फेरेन्झी १९३२ मध्ये पुन्हा तोच विषय घेऊन उभा राहिला. मूल माया मागत असतं आणि मोठा माणूस तिला वासनेनं उत्तर देतो, हे त्यानं मांडलं. त्या भाषणाचं इंग्रजी रूप छापून यायला १९४९ उजाडलं. फेरेन्झी १९३३ मध्येच गेला होता.

फेरेन्झीचं एक निरीक्षण मला आजही सगळ्यांत खोल वाटतं. अत्याचार करणाऱ्याची अपराधीपणाची भावना मूल स्वतःच्या आत घेतं, असं तो म्हणतो. हे का होतं, याचा विचार लहान मुलाच्या उंचीवरून करून पाहावा. पाच वर्षांच्या मुलाला घर सोडून जाता येत नाही. त्याला जेवू घालणारा, अंघोळ घालणारा, रात्री दिवा मालवणारा माणूसच त्याला इजा करतो, किंवा ती होताना दुसरीकडे बघतो. आता त्याच्यापुढे दोनच समजुती आहेत. एक, माझी माणसं वाईट आहेत. मग मी कुठेच सुरक्षित नाही आणि माझ्या हातात काही नाही. दुसरी, मी वाईट आहे. मग मी चांगलं वागलो की हे थांबेल. दुसऱ्या समजुतीत निदान आशा आहे. रोनाल्ड फेअरबेर्न या स्कॉटिश मनोविश्लेषकानं १९४० च्या दशकात हे नेमकं ओळखलं होतं. मूल वाईटपणा स्वतःकडे घेतं, म्हणजे त्याचं जग चांगल्या माणसांचं राहतं.

पुढे १९९० च्या दशकात जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञानं हाच धागा स्मृतीपर्यंत नेला. कुणी आपला विश्वासघात केला हे कळलं की माणूस त्याच्यापासून दूर होतो. पण मुलाला दूर होणं परवडत नाही, म्हणून त्याला ते कळणंच परवडत नाही. मग ते कळणं बाजूला ठेवलं जातं. काहींच्या बाबतीत पूर्ण विसरण्यापर्यंत, काहींच्या बाबतीत 'माहीत आहे पण त्याचा विचार करत नाही' इथपर्यंत. १९९४ मध्ये लिंडा मायर विल्यम्स यांनी १२९ स्त्रियांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. या सगळ्यांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची नोंद रुग्णालयाच्या कागदपत्रांत होती. सुमारे सतरा वर्षांनी विचारलं तेव्हा ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. त्यांना खरंच आठवलं नाही की काहींनी सांगितलं नाही, यावर वाद झाला, आणि तो व्हायलाही हवा. स्मृतीच्या बाबतीत उलटं टोकही आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत काही मानसोपचारकांनी आणि तपास करणाऱ्यांनी सूचक प्रश्न विचारून लोकांच्या तोंडून न घडलेल्या घटना वदवल्या, आणि त्यात निरपराध माणसं भरडली गेली. ते विसरून चालणार नाही. पण त्या प्रकरणांचा आधार घेऊन, कुणीही काही न सुचवता आयुष्यभर मनात बाळगलेल्या आठवणी उडवून लावायच्या, हे मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

गप्प राहण्यामागे आणखी एक गोष्ट असते. तिच्याविषयी फार कमी बोललं जातं, म्हणून मी इथे थोडी थांबते. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि तो घाईत नसतो. तो आधी घराचा विश्वास मिळवतो. मुलाकडे इतर कुणी देत नाही इतकं लक्ष देतो, त्याचं कौतुक करतो, दोघांची अशी छोटी गुपितं तयार करतो. त्यामुळे मुलाला तो माणूस आवडत असतो. कधी त्याच्या आयुष्यातला तो एकुलता एक प्रेमळ माणूस असतो. शिवाय स्पर्शाला शरीर प्रतिसाद देतं. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यात संमती नसते आणि इच्छाही नसते. पण हे मुलाला कोण सांगणार? त्याला एवढंच कळतं की आपल्याच शरीरानं त्या माणसाला साथ दिली. मोठेपणी सगळं सांगून झाल्यावरही ही एक गाठ अनेकांकडून सुटत नाही, आणि जाणकार माणसानं शांतपणे 'शरीर असंच चालतं' एवढं सांगितलं तरी कित्येकांना रडू फुटतं. ज्या मुलाला आपण यात सामील होतो असं वाटतं, ते कोणत्या तोंडानं सांगेल?

म्हणून मूल दुसरं काहीतरी शिकतं. सेथ पोलक या संशोधकानं मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. सुरुवातीला अगदी पुसट, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारी. ज्या मुलांना घरी मार बसत होता, त्यांना रागाचा चेहरा इतर मुलांच्या आधी, फारच थोड्या खुणांवरून ओळखू आला. आनंदाच्या चेहऱ्याबाबत असा फरक नव्हता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. कारण माझ्या जवळच्या त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्या खोलीतल्या पावलांच्या आवाजावरून माणसाची मनःस्थिती ओळखता येते. लोक त्याला हळवा म्हणतात, उगाच मनाला लावून घेतो म्हणतात. ते कौशल्य त्यानं कुठे आणि कशासाठी कमावलं, हे त्यांना ठाऊक नसतं. जिथे चेहरा आधी वाचला तर मार चुकतो, तिथे ते जगवणारं असतं. प्रश्न एवढाच, की ते बंद करायचं बटण नसतं. तिशीत, चाळिशीत, साध्या कार्यालयीन बैठकीत वरिष्ठाच्या कपाळावर आठी पडली की शरीर जुन्या घरात जाऊन पोचतं. हृदय धडधडतं, पोटात कळ येते, तोंडून आपोआप माफी निघते.

शरीराचा हा बदल नुसता बोलण्यापुरता नाही. धोका ओळखणारी मेंदूतली यंत्रणा सतत जागी राहिली की ताणाच्या संप्रेरकांची लय बिघडते, आणि वाढत्या मेंदूवर त्याची छाप राहते. क्रिस्टीन हाइम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काही स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं अभ्यासली. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांमध्ये, जननेंद्रियांची संवेदना नोंदवणारा मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, भाग पातळ होता. भावनिक छळ झालेल्यांमध्ये स्वतःविषयीच्या जाणिवेशी जोडलेले भाग पातळ होते. जे सहन होण्यापलीकडे होतं ते आत येऊच नये म्हणून दारच अरुंद केलं गेलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे प्रेमाचा स्पर्शही त्याच अरुंद दारातून यायचा असतो. लग्नानंतर किंवा प्रेमात पडल्यावर स्वतःच्या थंडपणाला दोष देणाऱ्या कितीतरी जणींना हे कुणीच कधी सांगत नाही.

सॅन दिएगोतले डॉक्टर व्हिन्सेंट फेलिट्टी १९८० च्या दशकात लठ्ठपणावरचा कार्यक्रम चालवत होते. वजन व्यवस्थित उतरत असलेलीच माणसं मध्येच कार्यक्रम सोडून जायची. त्यांच्याशी बोलताना फेलिट्टींच्या लक्षात आलं, की त्यांच्यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते आणि वाढलेलं वजन ही त्यांची समस्या नव्हतीच. तो त्यांनी शोधलेला उपाय होता. जाड शरीराकडे कुणी तसं बघत नाही. यातूनच रॉबर्ट अँडा या साथरोगतज्ज्ञासोबत एक मोठा अभ्यास उभा राहिला, ज्यात १९९५ ते १९९७ मध्ये सतरा हजारांहून जास्त प्रौढांना बालपणातल्या छळाबद्दल, आबाळीबद्दल आणि घरातल्या मोडतोडीबद्दल विचारलं गेलं. पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये आले. ही माणसं बहुतांशी मध्यमवर्गीय, शिकलेली, आरोग्यविमा असलेली होती. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एक प्रकार अनुभवला होता. ज्यांनी चार किंवा अधिक प्रकार सोसले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका कित्येक पटींनी जास्त होता, आणि हृदयरोगासारखे आजारही जास्त होते.

हा अभ्यास आता फार लोकप्रिय झाला आहे, आणि आपण यातले किती प्रकार सोसले याचे गुण मोजून लोक भविष्य सांगू लागले आहेत. ते चूक आहे. खुद्द अँडा यांनीच तसा इशारा दिला आहे. मोठ्या समूहाबद्दल काढलेला निष्कर्ष एका माणसाच्या कपाळावर लिहिता येत नाही.

असाच एक समज आहे जो मला फार क्रूर वाटतो. ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे अत्याचार करतो, असं लोक सहज बोलून जातात. कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये छापलेल्या अभ्यासात, न्यायालयात नोंद झालेल्या ९०८ छळलेल्या, आबाळ झालेल्या मुलांची तुलना ६६७ इतर मुलांशी केली. किशोरवयात अटक होण्याचं प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात १७ टक्के होतं. धोका वाढतो, हे खरं. पण चारातल्या जवळपास तिघांना तशी अटक कधीच झाली नाही. आता लहानपणी अत्याचार सोसलेल्या पुरुषाचा विचार करा. त्याला मूल होतं, तो ते कुशीत घेतो आणि त्याच्या मनात ते वाक्य येतं. आपण सांगितलं तर लोक आपल्या मुलाला आपल्यापासून दूर ठेवतील, या भीतीनं तो आणखी दहा वर्षं गप्प बसतो. काही जण तर आपल्या मुलाला अंघोळ घालायलाही धजत नाहीत.

ज्यांच्यावर कुणी कधी हात उचलला नाही, त्यांचं तर आणखी अवघड. रोज 'तू नसतास तर बरं झालं असतं' ऐकत वाढलेला, किंवा घरात आहे की नाही याची कुणी दखलच न घेतलेला माणूस सांगणार तरी काय? त्याच्याकडे घटना नसते, तारीख नसते. आपल्याला काहीच झालं नाही, मग आपण असे का, असं तो स्वतःलाच विचारत राहतो. जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याची आठवण कशी असणार?

वैद्यकशास्त्राला हे सगळं एका नावाखाली आणायला बराच वेळ लागला. मोठ्या संकटानंतरचा आघात-विकार १९८० मध्येच अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत आला होता. पण वर्षानुवर्षं, सुटका नसलेल्या जागी सोसलेल्या छळाचे परिणाम त्यात पुरते बसत नाहीत, हे ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात या गुंतागुंतीच्या आघात-विकाराला स्वतंत्र जागा मिळाली आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. भावना आवरता न येणं, स्वतःला कवडीमोल समजणं, कुणाच्या जवळ जाता न येणं, ही त्याची खास लक्षणं. तीस वर्षं लागली. तोवर कितीतरी जणांवर 'स्वभावच विचित्र' असा शिक्का बसून गेला.

सुधारणा होते, आणि पुष्कळ होते. आघातावर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत, त्यांचा उपयोग होतो याचे पुरावे आहेत. हर्मन यांनी सांगितलेला क्रम मला शहाणपणाचा वाटतो. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आठवणी खणण्याची घाई केली आणि पायाखाली जमीनच नसली, तर माणूस आणखी ढासळतो. उपचारांच्या बाहेरही काहीतरी घडत असतं. एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं ते शोधलं, तेव्हा निदान एक तरी भरवशाचा मोठा माणूस पुन्हा पुन्हा सापडला. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही.

क्षमेबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचं आहे. सोसलेल्या माणसाला क्षमा करायचा सल्ला देणं आपण थांबवलं पाहिजे. झालं ते झालं, आता ते म्हातारे झाले, मनात ठेवू नकोस, असं म्हणणाऱ्याला खरं तर स्वतःची अडचण संपवायची असते. घरात पुन्हा सगळे एकत्र बसावेत, कुणाला बाजू घ्यावी लागू नये, यासाठी पुन्हा त्याच मुलानं वाकायचं. क्षमा केल्याशिवायही माणसं बरी होतात. आणि कुणी क्षमा केलीच तर ती त्याची, त्याच्या वेळेनं.

कुणी पहिल्यांदा सांगतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या वागण्याचे परिणाम लांबवर जातात. मुलांच्या बाबतीत हे अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. घरातलं पालनकर्तं माणूस पाठीशी उभं राहिलं नाही, तर मूल आपलं म्हणणं मागे घेण्याची शक्यता वाढते, आणि मागे घेतलं की लोक म्हणतात, बघा, खोटंच होतं. मूल सांगत असेल तर खोदून खोदून विचारू नये, त्याच्या तोंडात शब्द घालू नयेत. 'काय झालं ते सांग' एवढंच म्हणावं, ऐकावं, तुझं काहीच चुकलं नाही हे सांगावं आणि त्याच दिवशी मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या यंत्रणेला कळवावं. कुणाला सांगणार नाही, असं वचन त्याला देऊ नये. ते पाळता येणार नाही आणि मोठ्या माणसानं मोडलेलं आणखी एक वचन त्याच्या वाट्याला येईल.

प्रौढ माणूस जुनं सांगत असेल तर तपशील मागू नयेत. त्यानं दिले तेवढे पुरे. त्या माणसाला जाब विचारायला धावू नये, घरात परस्पर सांगू नये. पुढे काय करायचं, काहीच करायचं नाही की तक्रार करायची, हे त्याच्या हातात राहू द्यावं. लहानपणी नेमकं तेच त्याच्या हातात नव्हतं. याला एक अपवाद आहे. तो अत्याचार करणारा माणूस आजही लहान मुलांच्या सहवासात असेल, तर सांगणाऱ्याला विश्वासात घेऊन ते पुढे कळवावंच लागतं. माझ्या त्या दोघांपैकी एकीनं हे स्वतः केलं, आणि एवढं लिहायची तिची परवानगी आहे. चाळिशी उलटून गेल्यावर, सगळ्या नातेवाइकांचा रोष पत्करून तिनं तक्रार दिली. तिच्या स्वतःच्या बाबतीत पुरावा म्हणून काही उरलं नव्हतं. पण त्या घरात तेव्हा लहान मुलं वाढत होती, आणि चौकशी त्यांच्यासाठी सुरू झाली.